धर्मपालांचे जपानदर्शन

अनागरिक धर्मपाल प्रथम जपानला गेले तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते. महाबोधी सभा अजून स्थापन व्हायची होती आणि बुद्धगयेचे दर्शनही त्यांना घडलेले नव्हते. सिंहली, इंग्रजी आणि थोडेफार पाली जाणणारा, सरकारी शिक्षण खात्यातील कारकुनी सोडून धर्मकार्यास लागलेला एक तरुण, एवढीच त्या वेळी त्यांची ओळख. कर्नल ऑल्कॉट यांच्या मंडळीतील एक सोबती म्हणून ते १८८९च्या जानेवारीत कोलंबोहून बोटीत बसले, ते मुख्यतः शिकण्यासाठी. या विद्यार्थ्याने जपानमध्ये काय पाहिले आणि त्यातले काय आयुष्यभर बरोबर बाळगले, एवढ्याच बाजूने हे चरित्र सांगण्याचा आमचा विचार आहे. बाकीचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे.

तरी प्रवासाच्या आधीचे थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्यासारख्या निवासी शाळेतून शिकलेल्यांना ते विशेष जवळचे वाटेल. १७ सप्टेंबर १८६४ रोजी कोलंबोतील एका सधन फर्निचर-व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या या मुलाचे नाव डॉन डेव्हिड हेवावितारणे असे ठेवण्यात आले. घर बौद्ध आणि नाव मात्र ख्रिस्ती, ही त्या काळच्या सिलोनमधील सर्रास रीत होती. शिक्षण मिशनऱ्यांच्या शाळांतून झाले आणि काही काळ तो अशाच एका शाळेच्या वसतिगृहातही राहिला. बायबल त्याला पाठ होते. पुढे कोलंबोच्या शाळेत असताना वैशाख पौर्णिमेला त्याने सुट्टी मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा तो छत्री आणि पुस्तके उचलून सरळ घरी गेला. दुसऱ्या दिवशी छड्या बसल्या. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा तेच केले आणि पुन्हा छड्या खाल्ल्या. १८८३ साली कोलंबोत बौद्धांच्या मिरवणुकीवर हल्ला झाला, त्यानंतर वडिलांनी त्याला त्या शाळेतून काढून घेतले.

आता जपान. त्या देशाने ऑल्कॉट यांना का बोलावले, हे समजून घेतल्याशिवाय या प्रवासाचे मोल कळत नाही. १८६८च्या राज्यक्रांतीनंतर नव्या सरकारने शिंतो पंथाला राजाश्रय दिला, शिंतो आणि बौद्ध उपासनेची फारकत केली, आणि त्या लाटेत असंख्य विहार मोडले गेले. मूर्ती फोडल्या गेल्या, भिक्षूंना संसारी जीवनाकडे ढकलण्यात आले. दुसऱ्या बाजूने ख्रिस्ती मिशनरी येऊ लागले होते. अशा वेळी पाश्चात्त्य देशातील एक माणूस स्वतःला बौद्ध म्हणवतो आणि सिलोनमध्ये बौद्ध शाळा काढतो, ही वार्ता जपानी बौद्धांना मोठा आधार वाटली. त्यांच्या वतीने झेनशिरो नोगुची हे गृहस्थ मद्रासजवळच्या अड्यारला येऊन निमंत्रण देऊन गेले. सिलोनचे महास्थविर हिक्कडुवे सुमंगल यांनी जपानच्या धर्मगुरूंना उद्देशून संस्कृतात पत्र लिहून दिले. उत्तरेचा आणि दक्षिणेचा बौद्ध धर्म शतकानुशतके एकमेकांना जवळजवळ विसरलेले होते. त्यांच्यामध्ये पुन्हा बोलणे सुरू झाले ते असे.

९ फेब्रुवारी १८८९ रोजी मंडळी कोबे बंदरात उतरली. निरनिराळ्या पंथांचे भिक्षू स्वागतास धक्क्यावर हजर होते. दोनच दिवसांनी जपानची नवी राज्यघटना जाहीर झाली, म्हणजे या पाहुण्यांनी पाऊल ठेवले ते एका देशाच्या नव्या पर्वाच्या उंबरठ्यावर. कोबेहून ते क्योतोला गेले. तेथील चिओन-इन या प्रचंड विहारात ऑल्कॉट यांची व्याख्याने झाली आणि विविध पंथांच्या धर्मगुरूंच्या सभेत सुमंगल महास्थविरांचे पत्र वाचले गेले. त्याच शहरात तेव्हा हिगाशी होंगान्जी या जळालेल्या विहाराची पुनर्बांधणी चालू होती. तिच्या अजस्र तुळया ओढण्यास साधे दोर पुरेनात, म्हणून देशभरच्या उपासिकांनी आपले केस कापून दिले आणि त्या केसांचे दोर वळण्यात आले.

असे शहर, आणि हा तरुण मात्र अंथरुणाला खिळलेला. सिलोनच्या उष्ण हवेत वाढलेल्या शरीराला जपानची फेब्रुवारीतली थंडी मानवली नाही. संधिवाताने पाय असे धरले की क्योतोच्या रुग्णालयात राहावे लागले. ऑल्कॉट देशभर फिरले, सत्तराहून अधिक व्याख्याने त्यांनी दिली. धर्मपालांच्या वाट्याला आली ती खाट. परंतु त्या खाटेशी जपान चालत आले. विद्यार्थी येत, भिक्षू येत, गृहस्थ येत, आणि दूरच्या बुद्धभूमीच्या शेजारून आलेल्या या तरुणाला भेटत. आम्हांस असे वाटते की, पायी फिरून पाहिलेल्या शंभर देवळांपेक्षा या भेटींनी त्यांना अधिक शिकविले. आपण जन्मलो ते बेट म्हणजेच बौद्ध जग नव्हे, आपल्या भाषेचा एक शब्दही न समजणारी माणसे त्याच तथागताला शरण जातात, हे त्यांनी तेथे अनुभवले.

याच सुमारास जपानी विद्यार्थी उलट दिशेने सिलोनला येत होते, हेही येथे सांगितले पाहिजे. शाकू कोझेन हे तरुण भिक्षू १८८६ सालीच पाली शिकण्यासाठी आले होते. सिलोनमध्ये त्यांनी पुन्हा प्रव्रज्या घेऊन गुणरत्न हे नाव धारण केले. हेच कोझेन जानेवारी १८९१ मध्ये धर्मपालांबरोबर आधी सारनाथला आणि २२ तारखेस बुद्धगयेला गेले. उपेक्षित महाविहार आणि शैव महंताच्या ताब्यातील वज्रासन पाहून धर्मपालांनी त्या आसनावर मस्तक टेकले आणि बौद्ध भिक्षू येथे येऊन ताबा घेईपर्यंत हलायचे नाही असा निश्चय केला. त्या क्षणी शेजारी उभा होता तो जपानी भिक्षू. दोघांनीही तेथेच राहायचे ठरविले. चार महिन्यांनी, ३१ मे १८९१ रोजी, कोलंबोत महाबोधी सभा स्थापन झाली.

जपानचा हा स्नेह प्रत्येक वेळी कामी आला असे मात्र नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस बुद्धगयेत निरनिराळ्या देशांतील बौद्धांची परिषद भरली. जपानी प्रतिनिधींनी मंदिर विकत घेण्याची तयारी दाखविली, म्हणून उत्साहाच्या भरात धर्मपालांनी बौद्ध ध्वजाशेजारी जपानचा ध्वजही उभारला. दुसऱ्याच दिवशी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर तेथे यायचे होते. इंग्रज सरकारच्या मनात शंका भरली. गव्हर्नरांनी बौद्ध प्रतिनिधींची भेट घेतली नाही आणि मंदिर महंताचे आहे, सरकार यात पडणार नाही, असा निरोप पाठविला. त्या एका ध्वजाची किंमत किती मोठी पडली, याचा हिशेब आजवर मिटलेला नाही.

दुसरा जपान-प्रवास १८९३ सालचा. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत त्यांचे नाव झाले होते. परतताना ऑक्टोबरात बोट होनोलुलूला थांबली. तेथे बोटीवर त्यांना भेटायला आलेल्या मेरी फॉस्टर या बाईंनी पुढे विहार, शाळा आणि रुग्णालये यांसाठी जे अपार दान दिले, त्यावर महाबोधी सभेचे अर्धे कार्य उभे राहिले. जपानमध्ये या वेळी धर्मपाल हिंडले-फिरले, भाषणे केली, बुद्धगयेसाठी मदत मागितली. सहानुभूती पुष्कळ मिळाली, पैसा फार थोडा. मात्र एक अनमोल भेट मिळाली. सातशे वर्षांपूर्वीची मानली जाणारी एक बुद्धमूर्ती बुद्धगयेत प्रतिष्ठापनेसाठी त्यांच्या हाती सोपविण्यात आली.

२५ फेब्रुवारी १८९५ रोजी पहाटे त्यांनी ती मूर्ती महाविहाराच्या वरच्या मजल्यावर ठेवली आणि भिक्षूंसह ध्यानस्थ बसले. महंताची माणसे आली आणि त्यांनी मूर्ती उचलून खाली नेली. खटला झाला. खालच्या न्यायालयाने त्या माणसांना दोषी ठरविले, कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. ज्या भूमीत तथागताला बोधी प्राप्त झाली, तेथे त्यांच्याच मूर्तीला जागा मिळेना. ती बर्मी धर्मशाळेत ठेवावी लागली आणि पुढे तेथूनही धर्मपालांना बाहेर पडावे लागले. १९४९च्या कायद्याने व्यवस्थापन समितीत बौद्धांना निम्म्या जागा मिळाल्या, पण त्या पाहायला ते हयात नव्हते. संपूर्ण व्यवस्थापन बौद्धांकडे असावे यासाठीचा लढा अजून चालू आहे आणि आपल्या समाजातील अनेक बंधू-भगिनी त्यात उभ्या आहेत.

१९०२ आणि १९१३ या आणखी दोन वाऱ्यांमध्ये त्यांनी पाहिले ते मुख्यतः कारखाने आणि तांत्रिक शिक्षणाच्या शाळा. आशियातील एक देश स्वतःच्या हाताने कापड विणतो, यंत्र बनवतो आणि तरीही बुद्धाला विसरत नाही, ही गोष्ट त्यांना विहारांच्या शिखरांपेक्षा मोठी वाटली. सिंहली तरुणांनी जपानला जाऊन विणकाम शिकावे यासाठी हेवावितारणे कुटुंबाच्या पैशातून तजवीज झाली आणि कोलंबोजवळ राजगिरिय येथे विणकामाची शाळा निघाली. ज्या देशाने आपल्याला खाटेवर पडल्या पडल्या शिकविले, तेथे आपल्या मुलांनी धडधाकट पायांनी जावे अशीच त्यांची इच्छा असेल.

त्यांच्या या जपानप्रेमाला एक मर्यादा होती आणि ती लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. १९०५ साली जपानने रशियाचा पराभव केला, तेव्हा आशियातील असंख्य लोकांप्रमाणे तेही हर्षित झाले. पण १९१३ साली ते ज्या कोरियातून गेले, तो देश तीन वर्षांपूर्वीच जपानने गिळला होता. इंग्रजांचे जोखड इतक्या तीव्रतेने जाणणाऱ्या या माणसाला जपानचे जोखड तितकेसे टोचले नाही. ज्याच्यावर प्रेम असते त्याचे दोष दिसायला वेळ लागतो.

शेवटची वर्षे सारनाथला गेली. नोव्हेंबर १९३१ मध्ये मूलगंधकुटी विहाराचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी त्यांनी प्रव्रज्या घेतली होती. जानेवारी १९३३ मध्ये उपसंपदा झाली आणि २९ एप्रिल १९३३ रोजी सारनाथ येथेच त्यांचे निर्वाण झाले. विहाराच्या आतल्या भिंती तेव्हा रंगत होत्या. त्या रंगविण्यासाठी जपानहून कोसेत्सु नोसु हे चित्रकार आले होते. सिद्धार्थाच्या जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंतचे प्रसंग त्यांनी भिंतीवर उतरविले. ते काम पुरे व्हायला १९३६ साल उजाडले. सारनाथच्या यात्रेला जाणाऱ्यांनी उजव्या आणि डाव्या दोन्ही भिंतींपाशी थोडा वेळ थांबावे, घाई करू नये.