विश्लेषण : किल्ट रोजचा पोशाख का झाला नाही? वॉल्टर स्कॉट यांचा त्याच्याशी संबंध काय?

स्कॉटलंडमध्ये लग्नात किंवा रग्बीच्या सामन्याला पुरुष हौसेने किल्ट घालतात. कार्यालयात मात्र तो क्वचितच दिसतो. असे का, याचे बरेचसे उत्तर कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या आयुष्यात सापडते.

स्कॉट कोण होते?

त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी एडिनबरा येथे झाला. लहानपणी पोलिओमुळे उजवा पाय अधू झाला. वकिली करता करता ते कवी म्हणून गाजले. १८१४ मध्ये त्यांची ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली. तिचा विषय होता १७४५ चे बंड.

बंडाचा किल्टशी काय संबंध?

या बंडात डोंगराळ हायलँड्समधील अनेक कुळे राजाविरुद्ध लढली. १७४६ मध्ये कलोडन येथे त्यांचा पराभव झाला आणि त्यांच्या पोशाखावर कायद्याने बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षे हद्दपारी. सूट होती ती लष्करातील हायलँड पलटणींना. १७८२ मध्ये बंदी उठली, तोवर सामान्यांची सवय मोडली होती.

१८२२ मध्ये काय घडले?

राजे चौथे जॉर्ज एडिनबराला आले. स्वागत सोहळ्याची आखणी स्कॉट यांच्याकडे होती. ते स्वतः सखल भागातले, जिथे किल्ट हा परका, डोंगरी पोशाख मानला जाई. तरीही त्यांनी कुळप्रमुखांना पारंपरिक वेशात बोलावले. राजानेही किल्ट घातला. कालचा बंडखोरांचा वेश साऱ्या स्कॉटलंडची ओळख ठरला.

मग अडले कुठे?

किल्टला मान मिळाला तो समारंभाचा. त्याच काळात हायलँड्समधील जमीनदार मेंढीपालनासाठी कुळांना जमिनीवरून हुसकावत होते. पोशाख मिरवला जात होता आणि तो ज्यांचा होता, ती माणसे देशोधडीला लागत होती. शिवाय पारंपरिक किल्टला सुमारे सात मीटर लोकरी कापड लागते, चुण्या शिवाव्या लागतात. त्यामुळे तो महाग पडतो.

स्कॉट यांचे पुढे काय झाले?

१८२६ मध्ये त्यांचा छपाई व्यवसाय बुडाला. कर्ज फेडण्यासाठी ते अखेरपर्यंत लिहीत राहिले. २१ सप्टेंबर १८३२ रोजी त्यांचे निधन झाले.

आता खिसे असलेले, साध्या कापडाचे किल्टही मिळतात. पण किल्ट रोजच्या वापरात यायचा, तर त्याला स्कॉट यांनी दिलेल्या मानाच्या जागेवरून खाली उतरावे लागेल.