बहाव्याची शेंग आणि निजामशहाचा डॉक्टर

चैत्र-वैशाखात बेलापूर-श्रीरामपूरकडचा पारा चाळिशी गाठतो, प्रवरेचं पात्र आटत जातं आणि नेमका तेव्हाच बहावा पानं टाकून पिवळ्या घोसांनी लगडतो. याच्या शेंगेतला काळा मगज पोट साफ करायला उपयोगी पडतो, हे युरोपातल्या डॉक्टरांना अरब वैद्यकामुळे केव्हाच ठाऊक होतं. पण शेंग दुकानात पाहणं वेगळं आणि झाडाखाली उभं राहणं वेगळं. सोळाव्या शतकात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज डॉक्टर हिंदुस्थानात येऊन झाडाखाली उभा राहिला. त्याच्या रुग्णांत अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहाही होता. म्हणजे बेलापूरपासून ६०-७० किलोमीटरवरच्या दरबारात या माणसाची ये-जा होती.

ओर्ताचा जन्म १५०१च्या सुमारास पोर्तुगालमधल्या काश्तेलो द विद या गावी झाला. आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं म्हणून ते पोर्तुगालात आले. तिथेही पाच वर्षांत सक्तीने ख्रिस्ती व्हावं लागलं. अशा घरांवर संशयाची नजर कायम असे. मुलगा सालामांका आणि अल्काला इथे वैद्यक शिकला, गावी परतून रुग्ण पाहू लागला, पुढे लिस्बनच्या विद्यापीठात शिकवूही लागला. पण मायदेशी धर्मन्यायालय येणार, ही कुणकुण वाढत होती. १५३४ च्या मार्चमध्ये त्याने मार्तिम अफोन्सो द सोझा या आरमारी अधिकाऱ्याचा डॉक्टर म्हणून जहाज पकडलं आणि सप्टेंबरात गोवा गाठला. तो पुन्हा कधी परत गेला नाही.

पहिली काही वर्षं मोहिमांबरोबर फिरण्यात गेली. मग गोव्यात दवाखाना, व्यापार आणि अधूनमधून नगरची वारी. बुऱ्हाणशहाच्या दरबारात अरबी-फारसी परंपरेचे हकीम होते. त्यांच्याशी चर्चा करताना ओर्ताला औषधांची अरबी नावं कळत, गोव्यात हिंदू वैद्य आणि बाजारातले लोक त्याला देशी नावं सांगत. मला या माणसाची हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. मायदेशी असतो तर ग्रीक ग्रंथकारांच्या विरोधात ब्र काढायची हिंमत झाली नसती, अशी कबुली तो देतो. इथे मात्र जुन्या ग्रंथात काय लिहिलंय यापेक्षा समोरचं झाड काय सांगतं, याकडे त्याचं लक्ष असे.

मुंबई बेट त्याला दीर्घ मुदतीच्या खंडाने मिळालं होतं. आजच्या फोर्ट भागात त्याचा वाडा आणि बाग होती. तिथल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं, याचं त्याला कोण कौतुक!

१५६३ मध्ये गोव्यात त्याचा ग्रंथ छापून निघाला. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. ग्रंथ संवादाच्या रूपात आहे. नुकताच आलेला, पुस्तकं कोळून प्यालेला एक डॉक्टर शंका काढतो आणि ओर्ता उत्तरं देतो. मध्येच अंतोनिया नावाची मोलकरीण हवी ती वनस्पती आणून दाखवते. गोव्यातल्या पटकीच्या साथीचं वर्णनही त्यात आहे. बहाव्याच्या प्रकरणात त्याने ठिकठिकाणची नावं नोंदवली आहेत. पोर्तुगीज लिपीने ती वाकडीतिकडी केली असली, तरी आपली ‘बाव्याची शेंग’ त्यात ओळखू येते. पोर्तुगालच्या माळरानावर वसंतात जिएश्टा नावाची काटक झुडपं पिवळीधमक होतात. ती आणि बहावा एकाच शेंगवर्गीय कुळातली. त्याला बहावा पाहून गावाकडची आठवण झाली असेल का, असा विचार मनात येतो.

सगळीच उत्तरं बरोबर आली असं नाही. ग्रीकांचं ‘लिसियम’ नावाचं डोळ्यांचं औषध म्हणजे आपल्या विड्यातला कात, असं त्याने ठरवलं. एकोणिसाव्या शतकात जॉन फोर्ब्स रॉयल या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ते रसांजन होतं. रसांजन बनतं ते दारुहळदीपासून, म्हणजे हिमालयात वसंतात पिवळ्या फुलांनी भरणाऱ्या काटेरी झुडपापासून. ओर्ता हिमालयापर्यंत पोचलाच नव्हता.

दारुहळद आपल्या उन्हात लावायच्या भानगडीत पडू नये. बहावा मात्र इथलाच. तो झुडूप नव्हे, लहान वृक्ष आहे; भिंतीपासून दहा-बारा फूट तरी लांब लावा. बी कठीण कवचाचं असतं, ते कानशीवर थोडं घासून रात्रभर पाण्यात ठेवलं की लवकर रुजतं. प्रवराकाठच्या काळ्या जमिनीत पाणी साचणार नाही एवढं पाहा. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, नंतर हात आखडता घ्या. फुलांसाठी पाच-सात वर्षं थांबावं लागतं. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर लगेच फवारणी नको, त्यांचीच पिवळट-पांढरी फुलपाखरं होतात. अंगण लहान असेल तर मुरमाड कोपऱ्यात तरवड लावा, तेही पिवळंच आणि फारच काटक. फक्त त्याचा खरा बहर पावसाळ्यापासून पुढे.

कुंपणाला लावतात ती बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, ही मात्र सांभाळून. तिचं फूल देखणं, पण बी आणि चीक हृदयावर परिणाम करणारं विष आहे. लहान मुलाने ते बी चावलं असा संशय जरी आला, तरी घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा. बहाव्याचा मगजही स्वतःच्या मनाने घेऊ नये. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी तर नाहीच.

ओर्ताच्या आयुष्याचा शेवट मात्र या सगळ्या हिरवाईपासून दूरचा आहे. ज्या धर्मन्यायालयाच्या धाकाने त्याने देश सोडला असावा, ते १५६० मध्ये गोव्यातच आलं. १५६८ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्यावर खटला झालेला नव्हता. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळते या आरोपावरून, जाळण्यात आलं. त्या चौकशीत मेलेल्या भावाचंही नाव आलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाहीरपणे जाळली गेली.

ग्रंथ तोवर हाताबाहेर गेला होता. कार्लुस क्लुसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती तो लागला आणि त्याने केलेला लॅटिन सारांश १५६७ मध्येच अँटवर्पला छापून निघाला. युरोपातल्या डॉक्टरांनी बहाव्याबद्दल वाचलं ते बहुतेक त्यातूनच. पणजीत चर्चसमोरच्या बागेला आज गार्सिया द ओर्ताचं नाव आहे.