वकिलीची पदवी असून शिपायाची नोकरी केली, पुढं त्याच माणसानं सुतारांची सरसापासून सुटका केली

यवतमाळ जिल्ह्याची ओळख कापसाची. पण इथल्या जंगलातलं सागवानही तितकंच नावाजलेलं आहे. त्यामुळं वणी असो, पुसद असो की पांढरकवडा, सुतारकाम इथं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. दारं, चौकटी, पाट, पाळणे आणि तान्ह्या पोळ्याला पोरं ओढत नेतात ते लाकडी नंदीबैल.

आज यातल्या कुठल्याही सुताराकडं जा, पांढऱ्या फेविकॉलचा डबा दिसणारच. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी तिथं वेगळंच दृश्य असायचं. चुलीवर भांडं चढवलेलं आणि त्यात सरस वितळत ठेवलेला.

सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला डिंक. तो गरम असेपर्यंतच लावता यायचा. थंड झाला की घट्ट, म्हणजे पुन्हा तापवा. वास असा की नाक धरावं लागे. आणि पावसाळ्यात ओल धरली की सांधा ढिला व्हायची भीती. मेहनत सुताराची, दोष सरसाचा आणि बोलणी मात्र सुतारानंच खायची.

ही कटकट ज्या माणसानं संपवली त्यांचं नाव बळवंत पारेख.

पारेखांचा जन्म १९२५ सालचा, गुजरातमधल्या भावनगरजवळच्या महुवा गावातला. घरच्यांची इच्छा पोरानं वकील व्हावं अशी. म्हणून त्यांनी मुंबई गाठली आणि गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात नाव घातलं. तेवढ्यात १९४२ चं चले जाव आंदोलन पेटलं. पारेख शिक्षण बाजूला ठेवून त्यात उतरले. नंतर परत येऊन त्यांनी पदवी घेतली खरी, पण वकिली काही केली नाही.

लग्न झालेलं, शहर महागडं आणि हाताला धड काम नाही. त्यांनी आधी एका रंगाई-छपाईच्या कारखान्यात काम केलं. त्यानंतर एका लाकूड व्यापाऱ्याकडं शिपाई म्हणून लागले. राहायची सोय त्याच व्यापाऱ्याच्या गोदामात, बायकोसोबत. कायद्याचा पदवीधर लाकडाच्या ढिगाशेजारी संसार करत होता. पण लाकूड काय असतं आणि सुतार कसे काम करतात हे त्यांनी याच दिवसांत जवळून पाहिलं, असं सांगितलं जातं.

पुढं त्यांनी परदेशातून सायकली, सुपारी, रंग असा माल मागवून विकायला सुरुवात केली. त्यातूनच फेडको या कंपनीशी संबंध आला. ही कंपनी हेक्स्ट या बड्या जर्मन रसायन कंपनीचं भारतातलं काम बघायची. या ओळखीतून पारेख जर्मनीला जाऊन आले आणि रसायनांचा धंदा त्यांनी आतून बघितला.

१९५४ साली त्यांनी भाऊ सुशील यांच्यासोबत मुंबईत जेकब सर्कलला, म्हणजे आपल्या सात रस्त्याला, स्वतःचं छोटं युनिट टाकलं. सुरुवात कापड छपाईला लागणाऱ्या रंगांच्या इमल्शनपासून झाली. आणि १९५९ साली आला फेविकॉल. हेक्स्टचा मोविकॉल नावाचा डिंक होता, त्याच्या धर्तीवर हे नाव पडलं.

फेविकॉलच्या मुळाशी असलेलं रसायन म्हणजे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट. ते फ्रिट्झ क्लाटे या जर्मन शास्त्रज्ञानं १९१२ सालीच शोधलं होतं. म्हणजे शोध पारेखांचा नव्हता. त्यांचं डोकं चाललं ते विक्रीत. डिंक कुठला वापरायचा हे घरमालक नाही, सुतार ठरवतो, हे त्यांनी ओळखलं. म्हणून कंपनी थेट सुतारांपर्यंत गेली, पुढं त्यांच्यासाठी फर्निचरच्या डिझाइनची पुस्तकंही काढली. चूल नको, वास नको, डबा उघडा आणि लावा. सुतारांना आणखी काय हवं होतं!

पुढं कंपनीचं नाव पिडिलाइट झालं. छोट्या ट्यूबमधून फेविकॉल शाळेच्या दप्तरात पोचला. दोन हत्ती ओढतायत पण जोड काही सुटत नाही, हे चित्र घराघरात ओळखीचं झालं. १९९३ साली कंपनी शेअर बाजारात आली.

पण एकच डिंक सगळ्याला चालत नाही. पांढऱ्या डिंकातलं पाणी लाकडात किंवा कागदात मुरतं, तेव्हा तो पकड घेतो. काच, स्टील, प्लास्टिकमध्ये पाणी मुरणार कुठं? म्हणून फेविक्विक, फेविबॉन्ड असे वेगवेगळे प्रकार आले. एम-सील हा ब्रँड कंपनीनं २००० साली विकत घेतला. आपण मात्र बऱ्याचदा जे हाताला लागेल ते लावतो आणि मग डिंकाला नावं ठेवतो.

तर कशाला काय वापरायचं आणि कसं ठेवायचं, हे बघून घ्या.

लाकूड, पुठ्ठा, कागद : पांढरा डिंक. पातळ थर द्या, जोड घट्ट आवळून बांधा आणि रात्रभर हलवू नका. झाकण पक्कं लावून डबा सावलीत ठेवा. यवतमाळच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेला डिंक लवकर घट्ट होतो. गाठी झाल्या किंवा आंबूस वास आला तर पाणी घालून वाचवत बसू नका, टाकून द्या.

छोटी तुटफूट, कडक प्लास्टिक, चिनी माती : फेविक्विकसारखा डिंक. एक थेंब पुरतो. हा हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, म्हणून ट्यूब उभी, कोरड्या हवाबंद डबीत ठेवा. कापसावर किंवा सुती कापडावर सांडला तर तो एकदम तापतो आणि चटका बसतो, कापसाच्या जिल्ह्यात हे विसरू नका. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा. डोळ्यांच्या औषधाशेजारी ही ट्यूब कधीच ठेवू नका. डोळ्यात गेलाच तर थेट डॉक्टर गाठा.

रबर, चामडं, सनमायका : फेविबॉन्डसारखा रबरी डिंक. दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासा झाला की दाबा. हा पेट घेतो. चूल आणि दिवा लांब, खिडकी उघडी आणि डबा पोरांच्या हाताला लागणार नाही असा.

पाइप, टाकीची गळती : एम-सील. दोन्ही भाग सारखे मळायचे आणि लगेच लावायचे. लागेल तेवढंच मळा, उरलेले भाग वेगवेगळे गुंडाळून ठेवा.

आणि बादल्या ज्या प्लास्टिकच्या असतात त्यावर यातलं काहीच नीट धरत नाही. तिथं पैसे घालवू नका.

इतका मोठा धंदा उभा करूनही पारेखांची आवड वेगळीच होती. भाषेचा माणसाच्या विचारावर कसा परिणाम होतो, याचा अभ्यास म्हणजे जनरल सिमेंटिक्स. या विषयाचा त्यांना नाद होता. त्यासाठी त्यांनी बडोद्यात स्वतःच्या नावानं एक केंद्र उभं केलं. २०११ साली याच कामासाठी त्यांना जे. टॅल्बट विन्चेल पुरस्कारही मिळाला.

२५ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी ते गेले. ज्या गोदामात त्यांनी दिवस काढले, तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. आज पोळ्याच्या आदल्या दिवशी नंदीचा पाय मोडला तर पोरगं आधी फेविकॉलच मागतं.