लहान मोटारीचे थोर कर्ते : सर अलेक इसिगोनिस

मोटार म्हणजे श्रीमंतांच्या दाराशीं उभें राहणारें वैभव, अशी समजूत पुष्कळ काळ रूढ होती. ती ज्यांनीं मोडून काढली, त्यांत सर अलेक इसिगोनिस यांचें नांव अग्रगण्य आहे. गांधीबागेच्या दाटींतून वाट काढणाऱ्या आम्हां नागपूरकरांस लहान वाहनाचें मोल निराळें सांगावयास नको. म्हणून हें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

इसिगोनिस यांचा जन्म तुर्की साम्राज्यांतील स्मर्ना शहरीं १९०६ सालीं झाला. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश प्रजाजन, आई जर्मन. घरीं जहाजी यंत्रांचा कारखाना. १९२२ सालीं युद्धाच्या वणव्यांत तें शहर जळालें. कुटुंबास सर्वस्व टाकून माल्टा बेटाचा आश्रय घ्यावा लागला. तेथेंच वडील वारले. मायलेक इंग्लंडांत आलीं. बॅटर्सी येथील पॉलिटेक्निकमध्यें शिकत असतां इसिगोनिस गणितांत तीनदां नापास झाले. परंतु त्यांच्या हातीं पेन्सिल आली कीं यंत्राचें चित्र सजीव होई. १९३६ सालीं त्यांस मॉरिस कंपनींत नोकरी मिळाली.

१९४८ सालीं त्यांची ‘मॉरिस मायनर’ बाहेर पडली. दहा लाखांचा पल्ला गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार होय. हीच गाडी पुढें आपल्या देशांत ‘बेबी हिंदुस्थान’ या नांवानें निघाली.

१९५६ सालीं सुएझच्या तंट्यामुळें विलायतेंत पेट्रोलचा तुटवडा पडला. थोड्या तेलावर चालणारी लहान गाडी करण्याचें काम इसिगोनिस यांजवर आलें. लांबी सुमारें १० फूट आणि बसावयाचीं माणसें ४! त्यांनीं एंजिन आडवें बसविलें, गिअर त्याच्या पोटाखालीं घातले, पुढच्या चाकांस गति दिली आणि चाकें अवघीं १० इंचांचीं केलीं. यंत्राची जागा आंखडून ती त्यांनीं माणसांस दिली. २६ ऑगस्ट १९५९ रोजीं ‘मिनी’ लोकांपुढें आली.

प्रारंभीं गिऱ्हाइकांनीं नाक मुरडलें. पुढें बीटल्ससारख्या गायकांनीं ती घेतली आणि काटकसरीसाठीं जन्मलेली गाडी शौकिनांची लाडकी झाली. जॉन कूपर यांनीं तिचें एंजिन अधिक जोरकस केलें. १९६४, १९६५ व १९६७ सालीं माँटे कार्लोची शर्यत जिंकून तिनें मोठमोठ्या गाड्यांस मागें टाकलें. १९६९ सालच्या ‘दि इटालियन जॉब’ या चित्रपटांत तिच्या करामती नटांच्या बरोबरीनें गाजल्या. मिस्टर बीनची हिरवट पिवळी मिनी तर आमच्या बालवाचकांनींही पाहिली असेल.

इसिगोनिस स्वभावानें हट्टी होते. गाडींत रेडिओसारखी चैन त्यांस खपत नसे. कारखान्यासही मिनीपासून नफा बेताचाच झाला. तथापि १९६९ सालीं त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. २ ऑक्टोबर १९८८ रोजीं बर्मिंगहॅम येथें त्यांचें निधन झालें. मिनीचें उत्पादन २००० सालीं थांबलें. तोंवर ५३ लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. आज रस्त्यांवरील बहुतेक लहान मोटारींचें एंजिन आडवेंच असतें.

या चरित्रावरून गणित सोडून द्यावें, असा अर्थ कोणीं काढूं नये. परंतु एका विषयांत हार खाल्लेल्या, घरादारास मुकलेल्या मुलाच्या अंगींही जगाच्या उपयोगीं पडेल असा गुण असूं शकतो, एवढें आमच्या विद्यार्थ्यांनीं, आणि आम्हां शिक्षकांनींही, ध्यानीं ठेवावें.