पुणतांब्याचे अण्णा आणि बोंगोचा ठेका

संध्याकाळी जुमेरा लेक टॉवर्समध्ये तळ्याकाठी चालायला गेलात, की काय काय ऐकू येतं? एका बाकावर मल्याळम, दुसऱ्यावर अरबी, पुढे रशियन आणि मध्येच कुणाची तरी मराठी. सगळे बाहेरून आलेले आणि सगळ्यांनी आपापली भाषा सोबत आणलेली. 1940 च्या सुमाराची मुंबई संगीताच्या बाबतीत अगदी अशीच होती. त्या मुंबईत एका मराठी माणसाने महाराष्ट्राची चाल, गोव्याचं ट्रम्पेट आणि क्युबाचा ठेका एकत्र आणला. त्यांचं नाव रामचंद्र नरहर चितळकर. जग त्यांना सी. रामचंद्र म्हणून ओळखतं. जवळची माणसं त्यांना अण्णा म्हणायची.

गोदावरीकाठचा मुलगा

अण्णांचा जन्म 12 जानेवारी 1918 रोजी पुणतांबे इथे झाला. हे गाव आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, गोदावरीच्या काठावर आहे. तिथे संत चांगदेवांची समाधी आहे.

पुढे ते पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात गाणं शिकले. त्यांचे गुरू होते पंडित विनायकबुवा पटवर्धन. हे शिक्षण रागसंगीताचं होतं. त्यात गुरू गातात आणि शिष्य ऐकून ऐकून शिकतो. हे संगीत कागदापेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवतं.

तरुणपणी अण्णांना नट व्हायचं होतं. 'नागानंद' नावाच्या चित्रपटात ते नायकही झाले. पण नायक म्हणून त्यांचं पुढे काही जमलं नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोन या कंपनीत त्यांनी छोटी कामं केली आणि तिथल्या संगीतकारांसाठी पेटी वाजवली. पेटी म्हणजे हार्मोनियम. नट होता होता ते संगीतकार झाले, ते असे.

स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांना पहिली कामं मिळाली ती तमिळ चित्रपटांची. त्यांना तमिळ येत नव्हतं, पण सूर येत होते! 1942 साली 'सुखी जीवन' हा हिंदी चित्रपट आला. तो भगवान आबाजी पालव यांचा होता. हेच आपले भगवानदादा. या दोघांची दोस्ती पुढे फार मोठं काम करणार होती.

हळदोण्याचा ट्रम्पेटवाला

आता थोडं गोव्याकडे जाऊ या. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन शिकवायचे आणि पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत वाचायलाही शिकवायचे. पण गोव्यात काम फारसं नव्हतं. म्हणून हे वादक मुंबईला यायचे. धोबीतलावच्या आसपास एकेका गावाच्या लोकांनी राहायला खोल्या घेतलेल्या असत. अशा जागेला 'कूड' म्हणत. मुंबईत नवा आलेला माणूस आधी आपल्या गावाच्या कुडात उतरायचा, मग कामाला लागायचा.

अशाच वादकांपैकी एक होते अँटोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म 1916 साली हळदोणे गावात झाला. ट्रम्पेट असं वाजवायचे, की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्यांचं रंगमंचावरचं नाव मात्र मजेशीर होतं: चिक चॉकलेट. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा.

अशा बँडला 'बिग बँड' म्हणतात. त्यात एका बाजूला ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन, दुसऱ्या बाजूला सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट, मागे पियानो, मोठा बास आणि ड्रम. लॅटिन बँड असेल तर त्यात आणखी भर पडते. एकमेकांना जोडलेले दोन छोटे ढोल गुडघ्यांत धरून बोटांनी वाजवतात, तो बोंगो. सुक्या फळात बिया भरून खुळखुळा करतात, तो मराका. हे ठेके क्युबासारख्या बेटांवर जन्मले. तिथे आफ्रिकेतून जबरदस्तीने आणलेल्या गुलामांचे ताल आणि स्पेनची गाणी एकत्र आली. तबकड्या, रेडिओ आणि चित्रपट यांच्यामार्फत ते न्यूयॉर्क आणि लंडन असं करत मुंबईला पोचले.

1947 साली इंग्रज गेले. हॉटेलांत येऊन नाचणारे बरेच लोकही त्यांच्याबरोबर गेले. 1949 साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. हॉटेलांतल्या बँडचं काम कमी झालं. पण तिकडे चित्रपटांत वादक हवे होते. हॉटेलातला ट्रम्पेटवाला दिवसा स्टुडिओत दिसू लागला.

पेटी आणि पाच रेघा

अण्णांनी हे वादक जवळ केले. अमेरिकेतल्या बेनी गुडमन यांचं क्लॅरिनेट त्यांना फार आवडायचं. तसा आवाज आपल्या गाण्यात यावा, असं त्यांना वाटे. 1947 च्या 'शहनाई' चित्रपटातलं त्यांचं 'संडे के संडे'चं गाणं पाश्चात्त्य चालीवर होतं, आणि ते रस्त्यारस्त्यावर वाजलं. त्यात 'चितळकर' या नावाने ते स्वतः गायलेही. 1950 च्या 'समाधी' चित्रपटात त्यांनी एक लॅटिन धून उचलून हिंदी केली. लंडनमध्ये एडमंडो रॉस यांचा लॅटिन बँड ती धून वाजवत असे. आपल्याकडे तेच 'गोरे गोरे' म्हणून लोकप्रिय झालं.

पण हे काम व्हायचं कसं? अण्णा पेटीवर चाल गाऊन दाखवायचे. समोर चिक चॉकलेट किंवा जॉन गोम्स यांच्यासारखा गोमंतकीय सहायक बसायचा. तो ती चाल पाच रेघांवर उतरवायचा. मग ट्रम्पेटने काय वाजवायचं, सॅक्सोफोनने काय, व्हायोलिनने काय, हे वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं जायचं. रागसंगीतात एका वेळी एकच सुरावट पुढे जाते. बँडमध्ये मात्र वेगवेगळे सूर एकाच वेळी वाजतात आणि तरी भांडत नाहीत. हे जुळवणं म्हणजे अरेंजरचं काम. तेव्हा गायक आणि सगळे वादक एकत्रच वाजवायचे. एकाची चूक झाली, की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून!

1951 साली भगवानदादांचा 'अलबेला' आला. निर्माते तेच, दिग्दर्शक तेच आणि गीता बालीसमोर नायकही तेच. संगीत अर्थातच अण्णांचं. 'शोला जो भडके' या गाण्यात बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन सगळं आहे. ठेका क्युबाचा, पण पडद्यावर नाचणारा माणूस मुंबईच्या गिरणगावातला. चित्रपट तुफान चालला.

त्यात अण्णांनी आणखी एक गोष्ट केली. त्या काळी पडद्यावर संगीतकाराचं नाव यायचं, पण चालीला वाद्यांचे कपडे चढवणाऱ्या अरेंजरचं नाव बहुतेक वेळा यायचंच नाही. वादकांना तर कुणी ओळखतही नसे. 'अलबेला'च्या एका गाण्यात मात्र चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावर दिसतो. झालरीच्या बाह्यांचे क्युबन शर्ट घालून ते वाजवताहेत. आवाज ज्यांचा, चेहराही त्यांचाच.

हे आपलं संगीत आहे का?

सगळ्यांना हे आवडलं, असं नाही. अशा गाण्यांनी आपलं संगीत बिघडतं, असं अनेक जाणकारांना वाटायचं. 1952 साली बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. ते स्वतः रागसंगीताचे मोठे चाहते होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची कळ फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं!

अण्णांचं उत्तर त्यांच्या कामातून मिळालं. 1953 साली 'अनारकली' आला. त्यातली लता मंगेशकरांची गाणी ऐका. एक तर सरळ भीमपलास रागावर उभं आहे. त्यात पुण्यातली तालीम स्पष्ट ऐकू येते. आणि मग 1957 साली त्याच माणसाने 'आशा' चित्रपटासाठी 'ईना मीना डीका' केलं. असं सांगतात, की बाहेर मुलं खेळताना काहीतरी बडबडगीत म्हणत होती, त्यावरून ते सुचलं, आणि जॉन गोम्स यांनी त्यात कोंकणीतलं 'मला नको' टाकलं. म्हणजे मुलांचा खेळ, कोंकणी शब्द, अमेरिकी ताल आणि चाल पुणतांब्याच्या अण्णांची.

यातलं खरं कुठलं? दोन्ही. भीमपलास त्यांनी शिकून मिळवला आणि बोंगो ऐकून मिळवला. एकासाठी दुसरं टाकून द्यावं, असं त्यांना वाटलं नाही.

शेवटची वर्षं

1962 साली चीनबरोबर युद्ध झालं. त्यात शहीद झालेल्या सैनिकांसाठी कवी प्रदीप यांनी 'ऐ मेरे वतन के लोगों' हे गीत लिहिलं. चाल अण्णांची. 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये, पंडित नेहरूंसमोर, लता मंगेशकरांनी ते गायलं. आजही प्रजासत्ताक दिनाला ते कुठे ना कुठे ऐकू येतंच. दुबईतही!

नंतर चित्रपटांची कामं कमी होत गेली. अण्णा मराठीकडे वळले. 'घरकुल' चित्रपटाला त्यांनी संगीत दिलं. ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतगोपाल'ला चाली दिल्या. 1977 साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिलं. 5 जानेवारी 1982 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. चिक चॉकलेट त्याच्या कितीतरी आधी, 1967 साली गेले होते.

'अलबेला' बघायला मिळाला, तर नायक-नायिकेच्या मागेही नजर टाका. झालरीच्या बाह्यांतले ते वादक शोधा. त्यातला ट्रम्पेटवाला हळदोण्याचा आहे. आता तुम्हाला त्याचं नाव माहीत आहे.

वाचलंत ना? आता सांगा

1. अण्णा गाणं कुठे शिकले आणि कुणाकडे?
2. गोव्याचे वादक मुंबईला का आले? हॉटेल सोडून ते स्टुडिओत का गेले?
3. अरेंजर काय काम करतो? तुमच्या शब्दांत तीन वाक्यं लिहा.
4. केसकरांना चित्रपटगीतं नको होती, लोकांना हवी होती. तुम्ही कुणाच्या बाजूने बोलाल? का?
5. तुमच्या घरी कुठल्या कुठल्या भाषांतली गाणी वाजतात? आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी कुठली वाजायची.