खंजिरीचे संज्ञापन : तुकडोजी महाराजांचे चरित्र आणि धानोऱ्याचा प्रदेश

मराठीतील प्रसारमाध्यमांचा इतिहास सामान्यतः १८३२ साली निघालेल्या ‘दर्पण’पासून सांगितला जातो. मुद्रणयंत्र, टपाल आणि साक्षर वाचक या तीन गोष्टी या इतिहासात गृहीत धरलेल्या असतात. गडचिरोलीच्या पूर्वेस, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या धानोरा तालुक्यासारख्या अरण्यप्रदेशाला मात्र हे गृहीतक दीर्घकाळ लागू पडले नाही. अशा प्रदेशात विचारांचा प्रसार कोणत्या साधनाने होऊ शकतो, या प्रश्नाचे एक उत्तर तुकडोजी महाराजांच्या चरित्रात सापडते. प्रस्तुत लेखात त्या चरित्राकडे संतचरित्र म्हणून न पाहता एका लोकसंज्ञापकाचे चरित्र म्हणून पाहावयाचे आहे.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका गरीब कुटुंबात झाला. मूळ नाव माणिक. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. शालेय शिक्षण अल्पच झाले. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. तरुणपणी त्यांनी चिमूर परिसरातील अरण्यांत भ्रमंती व साधना केली. ग्रंथांपेक्षा गावोगावचा श्रोता त्यांना आधी भेटला, आणि त्यांच्या रचनेची घडण या श्रोत्यानेच केली असे म्हणता येईल.

त्यांचे साधन होते खंजिरी. ती एका हातात मावते, तिला वीज वा रस्ता लागत नाही आणि तिच्या ठेक्यावर शेकडो माणसे एकाच वेळी गाऊ शकतात. वृत्तपत्राचा वाचक बहुधा एकटा वाचतो. भजनाचा श्रोता ध्रुपद उचलताच स्वतः गायक होतो. ऐकलेले तो घरी नेतो, शेतावर गुणगुणतो आणि दुसऱ्यास देतो. मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत रचना केल्यामुळे त्यांच्या भजनांचा संचार विदर्भाबाहेरही झाला. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली आणि १९३६ साली गांधीजींच्या निमंत्रणावरून सेवाग्राम (तेव्हाचे शेगाव) येथे काही काळ वास्तव्य केले. यानंतर अस्पृश्यता, व्यसने, ग्रामस्वच्छता आणि स्वातंत्र्य हे विषय त्यांच्या भजनांतून अधिकाधिक ठळकपणे येऊ लागले.

या माध्यमाचे सामर्थ्य १९४२ साली प्रत्ययास आले. १६ ऑगस्ट रोजी तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला. त्यामागे महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती असे मानले जाते. २८ ऑगस्ट रोजी चांद्यास त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवून डिसेंबरात मुक्त करण्यात आले. छापलेला मजकूर जप्त करता येतो. हजारोंच्या मुखी गेलेले ध्रुपद जप्त करता येत नाही. तेव्हा शासनाला गायकालाच आवरावे लागले, हे माध्यमांच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

स्वातंत्र्यानंतर गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा, सामुदायिक प्रार्थना आणि ‘श्रीगुरुदेव’ मासिक यांतून हे कार्य संस्थारूपाने स्थिरावले. १९४८ साली आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. तरी नभोवाणी संच जेथे नव्हता तेथे प्रार्थनेची बैठकच संदेश पोहोचवीत राहिली. १९५५ साली ‘ग्रामगीता’ सिद्ध झाली. तिच्या ४१ अध्यायांत ४,६७५ ओव्या आहेत. ओवीची निवड अर्थपूर्ण आहे: एकाने वाचावी आणि अनेकांनी ऐकावी अशी तिची परंपराच आहे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे महाराजांचे निधन झाले.

या कार्याची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. धानोरा तालुक्यातील अनेक गावांची घरातली भाषा गोंडी आहे. मराठी व हिंदी भजन तेथे बाहेरच्या भाषेतूनच पोहोचते. निरक्षरतेचा अडसर खंजिरीने ओलांडला. भाषेचा अडसर तिला पूर्णपणे ओलांडता आला नाही. नंतर आलेल्या वृत्तपत्रांना, नभोवाणीला आणि दूरचित्रवाणीलाही तो बव्हंशी ओलांडता आलेला नाही.

याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला, तो ग्रामसभेतील आणि अभ्यासगटातील दीर्घ चर्चेच्या बळावर. या घटनेचे श्रेय महाराजांस देणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि दोहोंत एक साम्य निश्चित आहे: माहिती केवळ वरून खाली न येता माणसे एकत्र बसून ती आपलीशी करतात. येथे ही चर्चा गावाच्या स्वतःच्या भाषेतही होऊ शकते, आणि खंजिरीला जे साधले नाही ते नेमके हेच. लोकमाध्यमाची कसोटी त्याचा आवाज किती दूर जातो यापेक्षा ऐकणाऱ्यास त्यात स्वतःचा आवाज मिळतो की नाही, ही मानली तर तुकडोजी महाराजांचे स्थान भक्तिवाङ्मयाइतकेच मराठी माध्यमांच्या इतिहासातही शोधावे लागेल.