संपादक आगरकर

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ टेंभू नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावी १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. घरची स्थिती अत्यंत गरिबीची होती. कऱ्हाडास काही इयत्ता झाल्यावर पुढील शिक्षणाची सोय होईना. तेव्हा त्यांनी कधी कचेरीत उमेदवारी केली, कधी दवाखान्यात कंपाउंडरचे काम पत्करले. अखेर अकोल्यास नातेवाइकांच्या आश्रयाने राहून १८७५ साली ते मॅट्रिकची परीक्षा उतरले व पुण्यास डेक्कन कॉलेजात दाखल झाले. त्या काळी त्यांच्याजवळ एकच सदरा होता. तो रात्री धुऊन वाळत घालावा आणि सकाळी तोच अंगात घालून वर्गात जावे, असा त्यांचा क्रम असे, असे सांगतात.

कॉलेजात त्यांची बाळ गंगाधर टिळक यांच्याशी गाठ पडली. दोघेही बुद्धिमान, दोघेही हट्टी. देशाच्या दुःस्थितीविषयी बोलता बोलता त्यांच्या रात्रीच्या रात्री सरत. १८८० साली आगरकर एम. ए. झाले. त्या काळी एम. ए. झालेल्या तरुणास सरकारी नोकरीची मोठी जागा सहज मिळे. परंतु त्यांनी आईस पत्र लिहून कळविले की, मुलगा आता मोठ्या पगारावर जाईल ही आशा तिने सोडून द्यावी. पोटापुरते मिळवून उरलेला सगळा वेळ लोकांच्या कामी घालविण्याचे त्यांनी ठरविले होते. ज्या माउलीने इतकी वर्षे हालअपेष्टा सोसल्या, तिला हे पत्र वाचून काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी टिळक व नामजोशी यांच्या साहाय्याने पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. आगरकरही त्यांना येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत ह्या मंडळींनी दोन वर्तमानपत्रे सुरू केली. इंग्रजी ‘मराठा’ टिळकांकडे आला व मराठी ‘केसरी’चे संपादक आगरकर झाले. छापखान्याची जागा बदलताना टाइपांच्या पेट्या ह्या विद्वान गृहस्थांनी स्वतःच्या खांद्यांवरून वाहिल्या, अशी आठवण सांगतात. रात्री रस्त्यावर दिवे असले आणि पोलिसांची गस्त असली म्हणजे चोरास धास्ती वाटते; तसाच धाक वर्तमानपत्राने अंमलदारांस घालावा, अशी त्यांची कल्पना होती.

कल्पना चांगली होती. पण गस्त घालणाऱ्याची नजर चुकली, तर साव मनुष्यही चोर ठरतो. वर्ष उलटते न उलटते तोच ह्याचा प्रत्यय आला.

कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा त्या वेळी छळ होत आहे, अशी बोलवा होती. संस्थानचा कारभार माधवराव बर्वे यांच्या हाती होता. काही लोकांनी पुण्यास येऊन काही पत्रे दाखविली. ती खुद्द बर्वे यांनी लिहिली असून त्यांत महाराजांविरुद्ध कारस्थान आहे, असे त्यांचे म्हणणे होते. एका असहाय राजाचा छळ होतो आहे, ह्या विचाराने तरुण संपादकांची मने संतापली होती. संतापलेला मनुष्य पुरावा तपासण्यास थांबत नाही. ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्या दोन्ही पत्रांत बर्वे यांच्यावर कडक टीका प्रसिद्ध झाली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली.

खटला मुंबईत चालला. जामिनाची रक्कम मोठी होती. ती कोण भरणार, अशी विवंचना पडली असता जोतीराव फुले पुढे आले. विष्णुशास्त्र्यांनी आपल्या ‘निबंधमाले’त ह्याच फुल्यांवर कठोर टीका केली होती. तरीही फुल्यांनी ते मनात आणले नाही. त्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे जामीन राहिले.

न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. ज्यांनी ती आणून दिली, त्यांचा आधार तुटला. आता संपादकांपुढे काय मार्ग होते? आम्हांस दुसऱ्यांनी फसविले, असे सांगून दोष त्यांच्यावर ढकलता आला असता. परंतु छापलेल्या मजकुराची जबाबदारी संपादकाची असते. टिळक आणि आगरकर यांनी बर्वे यांची माफी मागितली. तरी शिक्षा टळली नाही; १८८२ च्या जुलै महिन्यात दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. महाराजांविषयी वाटणारी काळजी अगदीच निराधार नव्हती. पुढे १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे देखरेखीखाली असताना एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्या तरुण राजाचा शोचनीय अंत झाला. तक्रार खरी असू शकते आणि तिच्यासाठी पुढे केलेला कागद मात्र खोटा असू शकतो. खरी गोष्ट खोट्या कागदावर उभी केली, तर ती खरीसुद्धा कोसळते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघे एकशे एक दिवस राहिले. तेथे शाळेविषयी व पुढे काढावयाच्या कॉलेजाविषयी त्यांचे वाद इतके रंगत की, आवाज चढला म्हणून पहारेकरी त्यांस गप्प बसण्यास सांगत. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. आगरकरांनी त्या दिवसांची हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचे मराठी रूपांतरही त्यांनी ‘विकारविलसित’ ह्या नावाने केले.

ह्यानंतर १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. परंतु दोघा मित्रांची मते जुळेनाशी झाली. आधी स्वराज्य मिळवावे, समाजाचे दोष मग पाहता येतील, असे टिळकांस वाटे. बालविवाह, विधवांचे केशवपन आणि जातिभेद यांवर घाव घालण्यास क्षणाचाही विलंब नको, असे आगरकरांस वाटे. ‘केसरी’ एकट्या आगरकरांचा नव्हता. तो सर्व मंडळींचा होता. मंडळींस न पटणारी मते त्यांच्या पत्रात रेटावीत, की स्वतःस न पटणारी मते आपल्या संपादकत्वाखाली छापू द्यावीत? दोन्ही गोष्टी त्यांस अप्रामाणिकपणाच्या वाटल्या असाव्यात. आपण वाढविलेले व गावोगाव पोहोचलेले पत्र त्यांनी १८८७ साली सोडले.

पुढल्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. वाचकांस आवडेल ते लिहिले तर वर्गणीदार वाढतात, हे आगरकरांस कळत नव्हते असे नाही. तरी ते न आवडणारेच लिहीत राहिले. सनातनी लोक इतके चिडले की, त्यांनी आगरकर जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली! आगरकरांची लेखणीही काही मऊ नव्हती. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळदा पायरी सोडली, हे आज वाचताना खटकते.

१८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. दम्याचा विकार जुना होता; तो बळावत गेला. तरी वर्गातील शिकविणे व ‘सुधारका’चे लेखन चालूच होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये, म्हणून त्यांनी थोडे रुपये पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.

‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनी लिहिला. तो लिहिताना त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा भरून येत आणि एरवी झरझर चालणारी त्यांची लेखणी त्या दिवशी वारंवार थांबत होती.